आतड्यातली फळगळ

आमच्या लॅबमध्ये महिन्यातून दोन-तीनदा तरी एक वाक्य टाईप होतं आणि ते प्रिंट होऊन बाहेर आलं की मला दरवेळी थोडी लाज वाटते. वाक्य मी लिहीत नाही, ते आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम लिहितात, मी हिस्टोपॅथचा, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या विभागाचा टेक्निशियन, ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) बनवायचे, कापायचे, स्लाइड रंगवायची, एवढंच माझं काम, नागपूरच्या धंतोलीत हेच करत वीसेक वर्षं गेली. वाक्य असं असतं की आतड्याच्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा (इम्युनिटीच्या पेशींची बारीक गाठ) दिसतोय, कॉक्स असू शकतं किंवा क्रोन्स असू शकतं, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून तुम्हीच ठरवा. कॉक्स म्हणजे टीबी. पेशंटसमोर टीबी म्हणायला नको म्हणून डॉक्टर लोकांनी काढलेला शब्द, आता पेशंटच आपल्याला विचारतो की सर कॉक्स तर नाही ना, तरी सवय काही जात नाही. आणि क्रोन्स म्हणजे आतड्याचा तो आजार ज्यात आपलीच इम्युनिटी आपल्या आतड्यावर उलटते, १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन साथीदारांनी पेपर लिहिला तेव्हापासून हे नाव आलं. एकात जंतू मारायचं औषध, दुसऱ्यात इम्युनिटी दाबायचं औषध, आणि दुसऱ्याचं औषध चुकून पहिल्याला दिलं तर जिवावर बेतू शकतं. इतक्या उलट्या दोन गोष्टी आपण एका ओळीत 'किंवा' टाकून लिहितो आणि लिफाफा चिकटवतो.

मला त्या 'किंवा'वर बोलायचंय. हा 'किंवा' बोस्टन किंवा लंडनचं कोणी येऊन आपल्यासाठी सोडवणार नाही, कारण त्यांच्याकडे टीबी इतका नाहीच, हा गुंता आपला आहे. आणि तो सुटायचा असेल तर पेशी कशा मरतात, इम्युनिटीला आवर कोण घालतो, असल्या ज्या संशोधनाला आपण 'उंदरांचे खेळ' म्हणून हसतो ते इथे, नागपुरात, आपल्या पेशंटच्या तुकड्यांवर व्हायला पाहिजे, सरकारी पैशातून व्हायला पाहिजे. लॅबमध्ये हे बोललो तर पोट्टे हसतात, म्हणतात भाऊ तुम्ही स्लाइड रंगवा.

मागच्या पावसाळ्यात काटोलकडचे एक काका आले होते (गाव आणि बाकीचे तपशील बदललेत). एकोणीस वर्षांच्या पोराचा ब्लॉक परत न्यायला आले होते, मुंबईला दाखवायचा म्हणून. पोराला वर्षभर पोटात मुरडा, वजन उतरलेलं, संध्याकाळी ताप, दुर्बीण टाकली तर लहान आतडं मोठ्याला जिथे मिळतं तिथे जखमा. टीबी आणि क्रोन्स दोघांचीही आवडती जागा नेमकी तीच. काउंटरवर काका म्हणाले, "साहेब, पोट्ट्याले सहा महिने टीबीच्या गोळ्या चारल्या, आता म्हणते टीबी नोयताच. मंग ते सहा महिने कोनाच्या खात्यात टाकाचे?" मी काय उत्तर देणार. रिपोर्ट आमच्याच लॅबचा होता, त्यात तो 'किंवा' होताच. डॉक्टरचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे असं सापडलं की पहिले एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू करून दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण टाकून बघतात, जखमा भरल्या तर टीबी, नाही भरल्या तर क्रोन्सचा विचार. म्हणजे औषध हीच टेस्ट. टीबी असेल तर ठीक, पण नसेल तर तितके महिने आतड्याची आग तशीच चालू राहते आणि आतडं भरून येताना आकसत जातं, अरुंद होतं, मग कधीतरी कापायची वेळ येते. या पोराच्या केसमध्ये परत दुर्बीण टाकायची राहूनच गेली, पैशाचा प्रश्न, संत्र्याचा हंगाम, मधेच बहिणीचं लग्न, आणि कोर्स आपला चालूच राहिला.

काका संत्रेवाले. ब्लॉक शोधेपर्यंत बसले होते तर मी आपलं सहज विचारलं बहार कसा आहे, तर म्हणाले गळ लागली आहे झाडाले. आंबिया बहाराची फळगळ हा आपल्या भागातला दरवर्षीचा रडा, काटोल-नरखेड-वरुडला कोणालाही विचारा. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. म्हणाले, गळ पाहून घाबराचं नाही, झाड जेवढं पोसू शकते तेवढंच ठेवते, बाकीचं सोडते, ते चांगलंच. पण खाली पडलेलं फळ उचलून पाहा लागते. देठापाशी काळं पडलं असन तर बुरशी, बारीक भोक असन तर पाखरू, आणि देठ साफ असन तर झाडाच्याच मनानं पडलं.

आता योगायोग बघा, पेशीच्या शिस्तीत मरण्याला सायन्समध्ये जो शब्द आहे, ॲपॉप्टोसिस, तो १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी वापरात आणला आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थच पानं-पाकळ्या गळणं असा आहे. गळ! काकांना ग्रीक येत नव्हतं पण निम्मा विषय त्यांनी आधीच सांगून टाकला होता.

आपल्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर. एकच. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू आणि आपण जेवलेलं सगळं, सकाळचा तर्री पोहा आणि रात्रीचं सावजी धरून, आणि दुसऱ्या बाजूला शरीरातली इम्युनिटीची सगळ्यात मोठी छावणी. मधली भिंत एका पेशीच्या जाडीची, आणि ती भिंत दर चार-पाच दिवसांनी पूर्ण नवी होते. खाली खड्ड्यांत स्टेम सेल असतात, त्या नवीन पेशी तयार करतात, पेशी वर सरकत जातात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. म्हणजे मरण हा तिथला रोजचा कारभार आहे, ते थांबलं तर गाठी होतील आणि वाढलं तर भिंतीला भोकं पडतील. मी स्वतः स्लाइडवर बघितलंय, मॅडमच्या मायक्रोस्कोपला दुसरी डोळ्याची नळी आहे ना, त्यातून कधीकधी दाखवतात, खड्ड्याच्या तळाशी एखादी पेशी आक्रसून गडद जांभळे ठिपके झालेली, आजूबाजूच्या पेशी शांत, जसं काही झालंच नाही. ती देठ साफ असलेली गळ.

दुसरी गळ वेगळी. त्यात पेशी आक्रसत नाही, फुगते आणि फुटते, आतला सगळा माल बाहेर सांडतो आणि इम्युनिटीला वाटतं हल्ला झाला, ती धावत येते आणि आग लागते. याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात, आणि गंमत म्हणजे हे सुद्धा अपघाताने होत नाही, पेशीच्या आतच त्याची वायरिंग असते, रिपके-१, रिपके-३ आणि एमएलकेएल अशी प्रोटीनं एकामागून एक बटणं दाबतात आणि शेवटचं जाऊन पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. कॅस्पेस-८ नावाचं एक एन्झाइम या वायरिंगवर हात ठेवून बसलेलं असतं. २०११ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनच्या टीमने उंदरांच्या फक्त आतड्याच्या अस्तरातून हे कॅस्पेस-८ काढून टाकलं, बाकी उंदीर जसाच्या तसा, तर उंदरांना आपोआप आतड्याची सूज आली आणि कुठे आली तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. काकांच्या पोराच्या जखमा होत्या तिथेच. 'उंदरांचे खेळ' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं असं मला वाटतं, कारण साधारण समज असा होता की आधी सूज येते आणि मग पेशी मरतात, या प्रयोगाने दाखवलं की उलटंही होतं, आधी पेशी चुकीच्या पद्धतीने मरते आणि मग आग लागते.

याच्या बरोबर उलट गोष्ट इम्युनिटीच्या पेशींची. संसर्ग संपला की टी सेलनी मरून जायचं असतं, लढाई संपली, घरी जा. क्रोन्सच्या आतड्यात त्या मरायला तयारच होत नाहीत, हटवादी होतात. म्हणजे भिंतीच्या ज्या पेशींनी टिकायचं त्या फुटून राहिल्या आणि ज्या शिपायांनी जायचं ते ठाण मांडून बसले. इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झालं, ते टीएनएफ नावाच्या, सूज पेटवणाऱ्या रेणूला पकडतं. आता टीएनएफलाच पकडणारं एटानरसेप्ट म्हणून दुसरं इंजेक्शनही आहे, सांधेवाताला ते छान चालतं, पण क्रोन्समध्ये ट्रायल केली तर काहीच फायदा नाही. दोन्ही औषधं एकाच रेणूवर, मग फरक का? याचं एक उत्तर असं समोर आलं की इन्फ्लिक्सिमॅब त्या हटवादी टी सेलच्या अंगावर चिकटलेल्या टीएनएफलाही धरतं आणि त्यामुळे त्या टी सेल शेवटी मरतात, एटानरसेप्टला ते तितकं जमत नाही. म्हणजे औषध लागू पडतं ते नुसती आग विझवून नाही तर अडून बसलेल्या पेशीला मरायला लावून. हे कळायला कोणाला तरी पेशी मोजत बसावं लागलं, आणि त्याच्या शेजाऱ्यानेही त्याला नक्कीच विचारलं असेल की याचा उपयोग काय.

आता मुद्द्यावर येतो. टीएनएफ वाईट आहे का? अमेरिकेतल्या क्रोन्सच्या पेशंटसाठी जवळजवळ हो. आपल्यासाठी नाही. टीबीचा जंतू शरीरात शिरला की इम्युनिटी त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्याला कोंडते, तीच ती ग्रॅन्युलोमा, आणि ती भिंत उभी राहते टीएनएफच्या जिवावर. टीएनएफ बांधून ठेवला की भिंत ढासळते आणि वर्षानुवर्षं झोपलेला टीबी बाहेर. हे औषध बाजारात आल्यावर तीन वर्षांत, २००१ मध्येच, अशा केसेसचा पेपर आला होता. भारतात २०१९ ते २०२१ मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे झाला त्यात पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांमध्ये टीबीचा संसर्ग निघाला, आजार नाही, संसर्ग, झोपलेला. आणि जगातल्या टीबीच्या दर चार केसेसमागे एक आपल्या देशात. म्हणजे जे इंजेक्शन तिकडे पहिल्या फळीत बसतं ते द्यायच्या आधी इथे डॉक्टरचा हात थरथरतो, छातीचा एक्सरे, माँटू (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती टेस्ट), रक्ताची टेस्ट, आणि सगळं निगेटिव्ह आलं तरी मनात धाकधूक. नुसतं औषध आयात करून हे मिटत नाही, कारण औषधाचा विचारच अशा देशात झालाय जिथे ३१ टक्के हा आकडा कोणाच्या डोक्यात नव्हता. आपल्याला असा उपाय पाहिजे जो भिंतीच्या पेशींचं फुटणं थांबवेल पण टीएनएफला अख्खं बांधून टाकणार नाही. तशी कल्पना आहे सुद्धा, ते रिपके-१ बंद करणारं औषध. खोटं कशाला बोलू, त्यातलं एक औषध अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेचा, क्रोन्सच्याच जातीचा आजार) पेशंटवर वापरून बघितलं आणि फायदा दिसला नाही, २०२१ मध्ये रिझल्ट छापून आला. शिवाय काही लहान मुलं जन्मतःच रिपके-१ शिवाय असतात आणि त्यांनाच उलट आतड्याची जबर सूज येते, हेही समजलंय. म्हणजे एक बटण बंद केलं की झालं इतकं हे सोपं नाही. पण म्हणून सोडून द्यायचं का? पहिल्या फवारणीत गळ थांबली नाही म्हणून कोणी बगीचा तोडत नाही.

आणि टीबीचा जंतू स्वतः काय करतो माहितीये का, तो ज्या पेशीत लपतो तिला शांतपणे मरूच देत नाही. ती शिस्तीत मरली तर जंतूही तिच्यासोबत गुंडाळला जातो, म्हणून तो ॲपॉप्टोसिस अडवतो आणि पेशी फुटेल अशी व्यवस्था करतो, म्हणजे बाहेर पडून पुढच्या पेशीत जाता येतं. दोन्ही आजार एकाच जागेवर, दोन्हीत ग्रॅन्युलोमा, दोन्हीत पेशीच्या मरण्यातच गडबड, पण गडबडीचं कारण वेगळं, देठ वेगळा. पडलेलं फळ उचलून बघायला पाहिजे ते इथेच. यातून ओळखायची पक्की खूण मिळेलच असं मी छातीठोक सांगत नाही, पण बघणारच नसू तर मिळणार कुठून.

आता जरा इम्युनिटी. कोविडनंतर आपल्याकडे हा शब्द काढ्यासारखा उकळून राहिले लोक. बर्डी मार्केटला मेडिकल स्टोअरमध्ये जा, काउंटरवर बूस्टरची बाटली पहिली दिसते. कोलायटिसचे पेशंटही ते पितात, कोणीतरी ग्रुपवर टाकलेलं असतं. अरे बाबा, याच्या आतड्यात इम्युनिटी कमी नाही, तिला आवरणारा कमी पडून राहिला. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल नेमकं यावरच मिळालं, मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की काही टी सेलचं कामच बाकीच्यांना आवरायचं असतं, रेग्युलेटरी टी सेल म्हणतात त्यांना. फॉक्सपी-३ नावाचा जीन त्यांचा मुख्य, तो बिघडलेली बाळं जन्मतात तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच भयंकर जुलाब, आतडं सोललेलं. १९९३ मध्ये आयएल-१० हा आवरणारा निरोप्या काढून टाकलेल्या उंदरांनाही आतड्याची सूज आलीच होती, आणि पुढे असं कळलं की तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक ठेवले तर सूज येत नाही. म्हणजे आवरणारा नसणं आणि आतड्यातले जंतू, दोन्ही लागतं. आता सांगा, आपल्या आतड्यातले जंतू आणि बोस्टनच्या माणसाच्या आतड्यातले जंतू एकच असतील का? आपलं पाणी, आपली भाकर, लहानपणी झालेले जंत, गल्लीतून फुकट मिळालेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या? (सावजी खाऊन क्रोन्स होतो असं काहींना वाटतं, त्याला काही आधार नाही, सावजीवाल्यांनी घाबरू नये.)

हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २०१८ साली याच रेग्युलेटरी टी सेल रक्तात मोजून बघितल्या आणि आतड्याचा टीबी असलेल्यांमध्ये त्या क्रोन्सच्या पेशंटपेक्षा जास्त निघाल्या. म्हणजे ज्या पेशीला पुढे नोबेल मिळालं तिचा वापर आपल्या लोकांनी आपल्या 'किंवा'साठी केला. जपानच्या लॅबमध्ये उंदरात सापडलेली गोष्ट आणि काटोलच्या पोराचा प्रश्न यांच्यात वीसेक वर्षांचं अंतर होतं, ते भरून काढायला कोणीतरी इथला पाहिजे होता. दिल्लीत झालं, चांगलंच झालं, पण विदर्भात का नाही?

कारण आपल्याला संत्र्यासाठी हे पटतं, माणसासाठी पटत नाही. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला. कापसाची १९७६ पासून आहे. कोणी कधी म्हटलं का की संत्र्यावर संशोधन फ्लोरिडात होऊन राहिलंय, आपण फक्त फवारणी विकत आणू? नाही म्हटलं, कारण सगळ्यांना कळतं की माती आपली, झाड आपलं, बुरशी आपली. मग आतडं काय फ्लोरिडाचं आहे का? इकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे १९४७ पासूनचं, मेयो हॉस्पिटल आहे, सुपर स्पेशालिटी आहे, आता मिहानमध्ये एम्स आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत तर दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये दुर्बीण. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, इतका मोठा पट्टा इथे पोट धरून येतो. इतके पेशंट, असा टीबी, असं क्रोन्स एकाच शहरात, कुठल्याही संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावं, आणि आम्ही काय करतो तर तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवतो.

फॉर्मेलिनमध्ये बुडवणं चूक नाही, रिपोर्टसाठी तेच लागतं. सहा-आठ तुकडे येतात, तिळाएवढे, बाटलीच्या तळाशी बसलेले, कधी एखादा झाकणाला चिकटतो आणि मग आमची शोधाशोध. कॅसेटमध्ये घालायचे, पाणी काढायचं, मेणात बसवायचे, थंड झाला की मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप, ती मेणाची रिबीन कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर उचलायची. यातून आकार छान दिसतो, पण पेशीच्या आत त्या क्षणाला कोणतं बटण दाबलं गेलं होतं ते बघायला आरएनए चांगला लागतो, जिवंत पेशी मोजायच्या तर ताजा तुकडा लागतो, आणि फॉर्मेलिन हे दोन्ही बिघडवतं किंवा मारून टाकतं. त्यासाठी एक जादाचा तुकडा काढून तिथल्या तिथे गोठवायचा, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. दुर्बीण तर टाकलेलीच असते, आठाच्या जागी नऊ तुकडे. फ्रीजरला काही लाख लागतात, जनरेटर लागतो (मे महिन्यातलं नागपूर!), आणि एक माणूस लागतो जो डबीवर नंबर नीट लिहील.

पण त्याच्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आम्ही 'किंवा' लिहून पाठवला त्याचं पुढे काय झालं हे आम्हाला कधीच कळत नाही. एकेटीने बरा झाला का? परत दुर्बीण टाकली का? ऑपरेशन झालं का? गेला का? वीस वर्षांत किती 'किंवा' पाठवले असतील, एकाचाही निकाल आमच्या रजिस्टरमध्ये नाही. त्या निकालाशिवाय ब्लॉक म्हणजे नुसतं मेण, कारण खूण शोधायची तर शेवटी हा टीबी निघाला आणि तो क्रोन्स निघाला हे माहीत पाहिजे ना. त्याला फ्रीजरही नको, एक सामायिक रजिस्टर आणि सहा महिन्यांनी एक फोन. शहरातल्या सगळ्या गॅस्ट्रोवाल्यांनी आणि सरकारी दवाखान्यांनी मिळून एकच नमुना फॉर्म ठरवला तरी पुरे.

यावर लोक काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. पहिलं म्हणजे, अहो सरकारी दवाखान्यात सलाईन बाहेरून आणायला लावतात आणि तुम्हाला उणे ऐंशीचा फ्रीजर पाहिजे? हा मुद्दा मला खरंच टोचतो, कारण तो खोटा नाही. व्हरांड्यात पेशंट झोपलेले मी पण बघितलेत. पण हिशोब करून बघा. इन्फ्लिक्सिमॅब किलोला पाच मिलिग्रॅम लागतं, साठ किलोच्या माणसाला शंभरच्या तीन बाटल्या, पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनी, चालेल तोपर्यंत. बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या, आल्यामुळे किंमत उतरली तरी साध्या घराचं कंबरडं मोडतं, आणि आयुष्मानचं कार्ड ओपीडीच्या खर्चाला चालत नाही हे सगळ्यांना माहितीये, या आजाराचा तर बराचसा खर्च ओपीडीतलाच. चुकीच्या माणसाला सहा महिने एकेटी, मग ऑपरेशन, मग रजा, बुडलेला बहार, हा पैसाही कोणाच्या तरी खिशातूनच जातो, तो कुठल्या बजेटमध्ये दिसत नाही एवढंच. संशोधनावर देश जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, सलाईन त्यामुळे कमी पडून राहिली असं म्हणणं म्हणजे सासरचा राग कुत्र्यावर.

दुसरं म्हणतात की दिल्लीत अनुसंधान फाउंडेशन काढलं ना, २०२३ ला कायदा झाला, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची गोष्ट केली, ते करतील. करतील, पण आपण अर्जच नाही केला तर कोण कशाला देईल, आणि त्या पन्नास हजार कोटींतला मोठा भाग खाजगी क्षेत्रातून यायचा आहे हे विसरू नका. कंपनी पैसा तिथे लावते जिथे औषध विकलं जाईल. टीबी आणि क्रोन्स वेगळं करणारी टेस्ट विकत घेणारा कोण, तर काटोलचा संत्रेवाला. म्हणून म्हणतो सरकारी पैसा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त मान्य आहे, तो म्हणजे तुकडा कोणाचा? १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्यावर जगभर संशोधन झालं, कंपन्यांनी पैसा कमावला आणि घरच्यांना कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. आपल्याकडे तर सहीच्या जागी अंगठा आणि कागद इंग्रजीत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साठवलेल्या नमुन्यांसाठी परवानगी कशी घ्यायची हे लिहिलंय, पण लिहिलेलं आणि दुर्बिणीच्या खोलीबाहेर उपाशीपोटी बसलेल्या माणसाला समजावून सांगितलेलं यात फरक आहे. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, गोंडी बोलणारा असेल तर त्याच्यासाठी कोणीतरी आणा, नाही म्हटलं तर हसत हसत ठीक आहे म्हणा. मी त्या काकांना विचारलं होतं, समजा तेव्हा पोराचा एक जादाचा तुकडा ठेवू का म्हटलं असतं तर? म्हणाले, "ठेवा ना, कायले नाई. पन काय निंघालं ते सांगा लागन." ते काय निंघालं ते सांगा, एवढी एक अट आपल्या अर्ध्या संशोधनाला झेपत नाही.

ब्लॉक सापडला. तिसऱ्या रॅकवर चुकीच्या डब्यात होता, नंबरातला ७ कोणीतरी १ वाचला होता, म्हणून इतका वेळ. मी तो रुईत गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत दिला आणि सांगितलं, उन्हात ठेवू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच, मेण आहे, वितळेल. त्यांनी डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. जाताना माझा नंबर घेतला.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. मुंबईत क्रोन्सच सांगितलं, औषध सुरू झालं, पोरगा दोन पोळ्या खातो आता. मी आमच्या रजिस्टरमध्ये त्या नंबरसमोर पेनाने लिहून ठेवलं, जागा नव्हती म्हणून मार्जिनमध्ये. मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जुन्या दोन रिपोर्टवरचे फोन नंबर काढून दिले. एक लागला नाही. दुसरा बालाघाटचा होता, त्याच्या बायकोने उचलला.